लेकीनं टाकले रूळ

माकणीला रेल्वे नाही. लोहारा तालुक्यातलं आमचं हे गाव तेरणेच्या काठचं, निम्न तेरणा धरणामुळं ओळखलं जाणारं. एस.टी.नं उमरग्याला जा, औशाला जा. पण गाडीची शिट्टी ऐकायची तर लातूर नाहीतर सोलापूर गाठावं लागतं. अशा गावात माझी मुलगी गेली दोन वर्षं रूळ टाकतेय, असं मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "कुठं हो ताई? धरणाकडं का?" एकीनं विचारलं. "नाही गं, लॅपटॉपवर," मी म्हटलं. मग हसू थांबलं आणि काळजी सुरू झाली. "म्हणजे गेम खेळते?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आज घराघरात आहे. गटाच्या कामामुळं माझं दहा घरी जाणंयेणं असतं. कर्जाचा हप्ता, रेशनकार्ड, नवऱ्याचं दारूपाणी याच्या बरोबरीनं आता एक विषय हमखास निघतो, "पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसतंय." त्यातून मुलगी असेल तर बोलणं आणखी धारदार होतं. म्हणूनच आमच्या घरी काय चाललंय ते जरा तपशीलवार सांगावंसं वाटलं. कारण सगळे गेम एका मापाचे नसतात. काहींत पोरं नुसती बोटं चालवतात, आणि काहींत, विश्वास ठेवा, शिवणकामासारखं एकेक टाका घालत काहीतरी उभं करावं लागतं.

हा खेळ आहे तरी कसला?

याला ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब नक्कल. पडद्यावर इंजिन चालकाची केबिन दिसते, समोर रूळ, सिग्नल, फलाट. वेग वाढवायचा, ब्रेक लावायचा, वेळेत स्टेशन गाठायचं. बंदूक नाही, मारामारी नाही. खरे इंजिन चालक तयार करतानाही रेल्वे असेच, अर्थात फार मोठे आणि महागडे, सिम्युलेटर वापरते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचा असा एक खेळ २००१ साली आला. त्यात सहा मार्ग होते. इंग्लंड, ऑस्ट्रिया, अमेरिका आणि जपान. भारत नव्हता. पण त्या खेळात एक सोय होती, आपला मार्ग आपण बांधायची. जगभरच्या रेल्वेवेड्या लोकांनी ती हातोहात उचलली. तो खेळ आता दुकानात मिळत नाही. पण स्वयंसेवकांनी मिळून बनवलेलं ‘ओपन रेल्स’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि त्यावर त्या काळातले आणि नंतरचेही मार्ग चालतात. असं बाहेरून जोडायच्या भागाला ‘ॲड-ऑन’ म्हणतात. कुणी इंजिन बनवतं, कुणी स्टेशनची इमारत, कुणी नुसती झाडं. आणि कुणी रूळ.

माझ्या लेकीला हे वेड लागलं दहावीच्या सुट्टीत. माझ्या भावानं त्याचा जुना लॅपटॉप दिला होता, "टायपिंग शीक" म्हणून. टायपिंग राहिलं बाजूला!

मापाची वही

पहिला ॲड-ऑन बसवायला तिला तीन दिवस लागले. मार्ग उघडायचाच नाही. पडदा काळा व्हायचा आणि एक इंग्रजी सूचना यायची. तिसऱ्या दिवशी रात्री दहाला ती ओरडली, "आई, सापडलं!" मी भाकरीचा तवा उतरवत होते, तशीच गेले. तिनं जे समजावलं ते मला शिवणकामाच्या भाषेतच कळलं, म्हणून तुम्हालाही तसंच सांगते.

खेळातले रूळ सलग नसतात, तुकड्यांचे असतात. दहा मीटरचा सरळ तुकडा, अमुक त्रिज्येचा वळणाचा तुकडा, सांध्याचा तुकडा. प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक. हे सगळे क्रमांक ‘टी-सेक्शन’ नावाच्या एकाच फाइलमध्ये लिहिलेले असतात. ही झाली शिंपिणीची मापाची वही. मार्गाच्या फाइलमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं असतं, की या ठिकाणी अमक्या क्रमांकाचा तुकडा बसव. आता वहीच जुनी असेल आणि तो क्रमांक तिच्यात नसेलच, तर शिंपीण कापणार काय? खेळ तिथंच अडतो.

तिच्या बाबतीत तेच झालं होतं. नवी वही आधीच बसवलेली होती, पण नंतर उतरवलेल्या दुसऱ्या एका ॲड-ऑनबरोबर वहीची जुनी प्रत आली आणि ती नवीवर जाऊन बसली. "वरची टाकून खालची आणली, झालं," ती म्हणाली. तेव्हापासून तिचा नियम एकच. उतरवलेली कुठलीही फाइल थेट खेळात ओतायची नाही. आधी वेगळ्या फोल्डरमध्ये सोडायची, सोबतची सूचनांची फाइल पूर्ण वाचायची, काय कुठं जाणार ते बघायचं, जुन्याची प्रत काढून ठेवायची, मगच हात लावायचा. बाजारातून आणलेली ज्वारी आपण थेट कणगीत ओततो का? सुपात घेऊन निवडतो, पाखडतो, मग भरतो. तसंच हे.

वीतभर फरक

बसवणं जमल्यावर बांधायचं मनात आलं. आणि तिथं खरी अडचण समजली. खेळातले तयार रूळ युरोपच्या मापाचे. दोन रुळांमधलं अंतर, ज्याला गेज म्हणतात, ते १४३५ मिलिमीटर. आपल्याकडचं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. फरक २४१ मिलिमीटरचा, एक वीत आणि वर थोडं. पडद्यावर हा फरक कुणाला दिसणार असं आपल्याला वाटेल, पण आपल्या इंजिनाची चाकं त्या रुळांवर ठेवली की ती रुळाच्या बाहेर, खडीवर तरंगताना दिसतात. चपलेबाहेर आलेल्या टाचेसारखी!

मग रुळांचा वेगळा संच लागतो. भारतीय मापाचे असे संच हौशी लोकांनी केलेले आहेत, पण तिला आपल्या हातचे हवे होते. ब्लेंडर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात वस्तूचा घडीव आकार काढता येतो. तिनं आधी रुळाचा काप काढला, म्हणजे करवतीनं आडवा कापला तर दिसेल तसा. वर जाड डोकं, मध्ये पातळ कंबर, खाली रुंद तळवा. तो काप लांब ओढला की रूळ झाला. खाली सिमेंटचे स्लीपर. आपल्याकडं एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर घालतात. तिनं भागाकार केला, दोन स्लीपरच्या मध्यांत जवळपास साठ सेंटिमीटर. मग खडीचा उतार. खडी कशाला असते हे मला तिच्याकडूनच कळलं. गाडीचा भार पसरून जमिनीवर जावा, पावसाचं पाणी निथळून जावं आणि स्लीपर जागचे हलू नयेत म्हणून.

स्लीपरच्या आणि खडीच्या रंगासाठी फोटो हवे होते. ते तिनं लातूरच्या फलाटावर उभं राहून काढले. इथं एक गोष्ट सगळ्या आयांना सांगते. फोटोच्या नादात पोरांना रुळांत उतरू देऊ नका. तो गुन्हा तर आहेच, पण जिवाचा धोकाही आहे.

बार्शी लाइट

कुठला मार्ग बांधायचा, हा प्रश्न घरातच सुटला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्यांचं माहेर बार्शीकडचं. लग्न होऊन इकडं आल्या तेव्हा आणि नंतर कितीतरी दिवाळ्यांना त्या ज्या गाडीनं आल्यागेल्या, ती ‘बार्शी लाइट’.

आपल्या भागाला या गाडीचा केवढा इतिहास आहे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही रेल्वे उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली. गेज अवघं ७६२ मिलिमीटर, अडीच फूट. खर्च कमी, वळणं आखूड घेता येतात, रूळ हलके. पण हलक्या रुळांवर जड इंजिन कसं चालणार? कॅलथ्रॉपनं त्यावर उत्तर काढलं. वजन एका जागी न टाकता जास्त चाकांवर सारखं वाटायचं, कुठल्याही आसावर साधारण पाच टनांहून जास्त नको. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यानं या रेल्वेसाठी बांधलेल्या इंजिनांना जोडलेली चाकंच आठ, आणि मागं आणखी चार. चार बायकांनी मिळून हंडा उचलावा तसा तो हिशेब.

पुढं हा रस्ता वाढत गेला. १९११ मध्ये निजामाच्या राज्यातल्या लातूरपर्यंत आला, दुसऱ्या बाजूला पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ही कंपनी घेतली. लातूर-बार्शीची तूर, कापूस, शेंगा याच रुळांवरून गेल्या आणि पंढरीची वारीही. पण एक खोट कायम राहिली. कुर्डुवाडीला मुंबईची मोठी गाडी आणि ही छोटी गाडी समोरासमोर उभ्या राहायच्या, आणि मधे हमाल. प्रत्येक पोतं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचं. शंभर वर्षं हे चाललं. शेवटी लातूर ते कुर्डुवाडी हा टप्पा २००७ आणि २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. नव्या मार्गानं धाराशिव शहराला स्पर्श केला, जुन्या छोट्या गाडीनं तो केला नव्हता. त्यामुळं जुना रस्ता जागोजागी सुटून गेला.

लेकीनं ठरवलं, बार्शी ते येडशी हा तुकडा जुन्या मापानं बांधायचा. बालाघाटचा डोंगर चढणारा, रामलिंगाच्या रानातून जाणारा.

जमीन आधी, रूळ नंतर

रूळ टाकण्याआधी जमीन लागते. त्यासाठी खरी उंची वापरतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एका अंतराळयानानं अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं जमिनीची उंची मोजली होती. ते आकडे सगळ्यांना मोफत मिळतात. ते घातले की पडद्यावर बालाघाट आपोआप उभा राहतो. जमीन सुमारे दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनांत वाटलेली असते, आपण अंगणात सडा घालून रांगोळीचे ठिपके मांडतो तशी. त्यावर नकाशा अंथरायचा आणि रुळांचे तुकडे एकाला एक जोडत जायचं.

सुटलेल्या भागात जुना रस्ता कुठून गेला होता ते नकाशात नाही. ती उपग्रहाच्या फोटोत शोधत बसायची. शेतांचे बांध वेडेवाकडे असतात, पण रेल्वेची जुनी भर एकसारखी, हळूहळू वळत जाते. "बघ आई, हे वळण बैलगाडीचं नाही," ती मला दाखवायची. आणि खरंच, दोन वावरांच्या मधून एक पट्टी चंद्रकोरीसारखी गेलेली दिसायची.

मग चढ. शंभराला एक असा चढ म्हणजे शंभर मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर. ऐकायला काहीच नाही. पण पाचशे मीटर लांबीची मालगाडी त्या चढावर असेल तर तिचं शेपूट तोंडापेक्षा पाच मीटर खाली असतं, म्हणजे जवळपास दीड मजला. हे सगळं वजन ओढायचं. एके दिवशी तिची गाडी घाटात थांबली आणि मागं सरकायला लागली, कारण दोन तुकड्यांच्या सांध्यावर चढ एकदम बदलला होता. खऱ्या रेल्वेतही चढ असा एकदम बदलत नाहीत, हळूहळू चढवत नेतात. तिनं दीड किलोमीटर रूळ उखडले आणि पुन्हा टाकले. मी स्वेटर उसवताना जशी तोंड करून बसते तशीच बसली होती! पण उसवलं आणि विणलं.

आत्याबाईंची साक्ष

स्टेशनं आली तेव्हा फोटोही संपले आणि नकाशेही. फलाट कोणत्या अंगाला होता? पाण्याची टाकी कुठं? यासाठी लेक आजीजवळ जाऊन बसली.

आत्याबाई तिसरी शिकलेल्या. आधी त्यांना वाटायचं, नात सिनेमा बघते. "काय करलालीस गं बाय दिवसभर त्या पेटीत?" म्हणायच्या. पण पडद्यावर अडीच फुटी रूळ आणि डोंगर बघितल्यावर त्या पुढं सरकून बसल्या. "ही तर आमची बार्शी लाइट!"

"आजी, येडशीला उतरल्यावर फलाट कोणत्या हाताला?"

आजीला डावंउजवं सांगता येईना. मग त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर गाठोडं धरल्यासारखे हात केले. "दिवाळी करून माहेराहून येत होते बघ. सकाळची गाडी. ऊन समोरून, ह्या उजव्या डोळ्यावर यायचं. उतरले की सगळं ऊन तोंडावर."

लेकीनं लगेच कागद ओढला. बार्शीकडून येडशीकडं म्हणजे पूर्वेला. दिवाळीनंतर सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणजे समोर आणि उजवीकडं. उतरल्यावर ऊन तोंडावर, म्हणजे फलाट उजव्या अंगाला. आजीचं ऊन होकायंत्रासारखं कामाला आलं!

मग आठवणींचा सडाच पडला. घाटात गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून चालायची आणि पुन्हा चढायची. सीताफळाच्या पाट्या डब्यात यायच्या, त्यांचा वास. इंजिनाचा कोळसा डोळ्यात जायचा म्हणून बायका पदर पुढं ओढायच्या. हे कुठल्या नकाशात मिळणार? गल्लीतल्या आणखी एका आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, फलाट डाव्या अंगाला. दोघी आपापल्या जागी ठाम! लेकीनं आजीचं मानलं, पण ॲड-ऑनच्या सूचनांच्या फाइलमध्ये स्वच्छ लिहून ठेवलं, की फलाटाची बाजू एका प्रवाशाच्या आठवणीवरून घेतली आहे, दुसऱ्या प्रवाशाची आठवण वेगळी आहे. मला हे फार आवडलं. आपण बायका कितीदा ऐकीव गोष्ट खरी म्हणून पुढं लोटतो!

आमच्या भागाला तर आठवणींची किंमत वेगळीच माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर भागातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. नवी गावं दुसरीकडं वसली, सरळ रस्त्यांची, चौकोनी घरांची. जुन्या गावात वेस कुठं होती, पाणवठ्याला कुठल्या बोळातून जायचं, हे आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. ते कुणी लिहून घेतलं तर राहील.

पाण्याची गाडी

लेकीचा दुसरा बेत मोठ्या गेजचा आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरच्या नळाला पाणी नाही, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागलेली. रात्र रात्र घागरी रांगेत. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ‘जलदूत’ म्हणायचे तिला.

ती आली कोणत्या रस्त्यानं? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हाच तो बार्शी लाइटचा रस्ता, आता रुंद झालेला. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून वाफेनं धुऊन आणल्या होत्या. रूळ अडीच फुटीच राहिले असते तर ते पाणी कुर्डुवाडीला अडलं असतं. पोतं खांद्यावर घेऊन दुसऱ्या गाडीत टाकता येतं, पाणी कसं टाकणार? गेज हा कोरडा इंजिनिअरिंगचा शब्द वाटतो, पण त्या उन्हाळ्यात त्या शब्दावर लाखो लोकांचं पाणी अवलंबून होतं.

लेक त्या पन्नास वाघिणींची गाडी घाट चढवून बघतेय. नुसतं पाणीच अडीच हजार टन, वाघिणींचं वजन वेगळं. एका इंजिनाला दम लागतो. कधी दुसरं जोडावं लागतं. "आई, तेव्हा ही गाडी चालवणाऱ्यांना काय वाटलं असेल गं?" तिनं एकदा विचारलं. गेम खेळणाऱ्या मुलीचा हा प्रश्न नव्हे.

पण मुलीला हे कशाला?

आता घरातली खरी गोष्ट. लेकीची बारावी झाली आणि स्थळं यायला लागली. अठरा पूर्ण झालीत, मग कशाला थांबायचं, हा सगळ्यांचा सूर. एका नात्यातल्या बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "वहिनी, पोरीच्या जातीला रेल्वे काय करायची? उद्या सासरी लॅपटॉप घेऊन जाणार का?" आमचे हे गप्प. त्यांना मुलीचं कौतुक आहे, पण भावकीच्या बोलण्याचं ओझंही आहे. मी गटातल्या बायकांना मुलींना शिकवा म्हणून सांगते. तोच प्रश्न आता माझ्याच उंबऱ्यावर उभा होता.

त्या दिवशी मी सुरेखा यादवांचं नाव काढलं. आपल्या साताऱ्याच्या. १९८९ मध्ये सहायक चालक म्हणून रेल्वेत लागल्या तेव्हा इंजिनात बाई ही कल्पनाच कुणी केली नव्हती. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक म्हणून त्यांची ओळख. मालगाड्या चालवल्या, मुंबईच्या लोकल चालवल्या, ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन भोर घाटातून नेली, आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. सोलापूर काही परदेशात नाही, आमच्या शेजारचा जिल्हा!

पण खरं वजन पडलं ते आत्याबाईंच्या बोलण्याचं. त्या कोपऱ्यात वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला सोळाव्या वर्षी गाडीत बसवून दिलं. गाडी कुठं चाललीय ते बी मला कुणी सांगितलं नव्हतं. हिला रस्ता आखता येतो. आखू द्या की."

घरात कुणी काही बोललं नाही. दोन दिवसांनी यांनी स्वतः लोहाऱ्याला जाऊन कागदपत्रं काढून आणली, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. स्थापत्य अभियांत्रिकीचा फॉर्म भरलाय. पहिल्या यादीत नाव लागेल की नाही, होस्टेल मिळेल की नाही, पैशांचं कसं, हे सगळं अजून समोर आहे. स्थळवाल्यांना "शिक्षण झाल्यावर बघू" असा निरोप गेला आहे. भावकीत एक घर रुसलंय, रुसू दे.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा नवा रेल्वेमार्ग मंजूर झालेला आहे. लातूरला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे, त्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. म्हणजे कामं आपल्या दाराशी येतायत. ती करायला बाहेरून माणसं येणार की आपल्या मुली त्यात असणार, एवढाच प्रश्न आहे. गेम खेळून नोकरी लागत नाही, हे मी लेकीलाही बजावते. पण चढ म्हणजे काय, वळणावर बाहेरचा रूळ उंच का ठेवतात, सांधा कसा बदलतो, हे तिला पुस्तक उघडायच्या आधीच हाताला माहीत आहे. आपण पोरीला वरण-भात शिकवताना आधी पुस्तक कुठं देतो?

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखादं पोर पडद्यासमोर बसलं असेल तर "बंद कर" म्हणायच्या आधी पाच मिनिटं शेजारी बसा. "काय करतेस, मला दाखव" एवढंच म्हणा. ती नुसती वेळ घालवत असेल तर सांगताना अडखळेल. आणि काही बांधत असेल तर तिचं बोलणं थांबणार नाही. मग दिव्याचं बिल थोडं वाढलं तरी वाढू द्या, आणि घरातल्या म्हातारीला तिच्याजवळ नेऊन बसवा.

(चौकट)
घरी करून बघायचं असेल तर…

* विंडोज असलेला साधा लॅपटॉप चालतो. ओपन रेल्स मोफत आहे, ते त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवा. फुकट म्हणून कुणी दिलेल्या चोरीच्या सीडी आणि पेन ड्राइव्ह घेऊ नका, व्हायरस तिथूनच येतो.

* फोल्डरची मांडणी लक्षात ठेवा. मार्ग ‘राउट्स’मध्ये, इंजिनं आणि डबे ‘ट्रेन्स’मध्ये, रुळांचे आकार आणि टी-सेक्शनची फाइल ‘ग्लोबल’मध्ये. मग ओपन रेल्सच्या पर्यायांमध्ये जाऊन तो फोल्डर जोडायचा.

* टी-सेक्शनची नवी प्रत जपून ठेवा. कुठल्याही ॲड-ऑनबरोबर जुनी आली तर तिला वर बसू देऊ नका.

* पहिला मार्ग छोटा घ्या. दोन स्टेशनं, एक सांधा, एक फाटक. तेवढ्यावर गाडी नीट धावली की पुढं चला.

* रोजचं काम झालं की वेगळ्या पेन ड्राइव्हवर प्रत काढा. आपल्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही.

* दुसऱ्याचं इंजिन, दुसऱ्याची इमारत वापरली तर त्याची परवानगी वाचा आणि नाव लिहा. मोफत मिळालेलं विकायचं नाही.

* अर्धा-पाऊण तास झाला की उठायचं, लांब बघायचं, डोळ्यांना पाणी लावायचं. अभ्यासाची आणि रुळांची वेळ वेगळी ठेवायची. हा नियम मुलींना तसाच मुलांनाही.